ओव्हाळसाहेबांची न पाहता केलेली नोंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझे हिशेब लिहिणारे ओव्हाळसाहेब साइटवर येऊ नयेत, म्हणून मी एक चालू इमारत बंद पाडली. नुसत्या तोंडाने.

धायरीत माझी छोटी बांधकामं चालतात. वस्तू डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिच्या बिलाची नोंद करायची नाही, हा ओव्हाळसाहेबांचा नेम. महिनाअखेरीला स्कूटरवरून यायचे आणि हेल्मेट न काढताच वाळूच्या ढिगाभोवती फिरायचे.

"अहो, बिलात तीन गाड्या आहेत. इथे दीड दिसते. उरलेली मांजरांनी नेली का?"

मजुरांच्या चहाचं बिल दिलं, तर आधी चहा मागवून प्यायले. "चहा खरा आहे. साखर तेवढी कागदावर." एकदा मिक्सरच्या डिझेलमध्ये मी महाबळेश्वरच्या सहलीचं डिझेल घुसवलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मिक्सरला थंड हवा मानवली का?" आणि खर्चातून काढून टाकलं. "कर वाचवायचाय ना? मजुरी बँकेतून द्या, बिलं वेळेवर आणा. बाकी सगळे जादूचे प्रयोग."

मार्चमध्ये मीही एक प्रयोग केला. एकाकडून लोखंडाचं नुसतं बिल घेतलं. लोखंड नाही, ट्रक नाही. त्यावरचा जीएसटी मात्र माझ्या करातून वजा होणार. लगेच साहेबांचा फोन. "रविवारी येतो. लोखंड कुठे ठेवलंय?"

तोंडातून निघून गेलं, "येऊ नका साहेब. शेजाऱ्याने हद्दीचा वाद काढलाय, काम बंद. माल लोणी काळभोरला हलवलाय."

मी टोमण्याची वाट बघत होतो.

"बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. जेवणखाण सांभाळा," म्हणाले, आणि न पाहता नोंद केली. पहिल्यांदाच.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. स्कूटर वाजली की खिडकीशी जातो, फोन वाजला की उठतो.

परवा त्यांच्या घरी राहिलेली जुनी बिलं द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. साहेब औषधं आणायला गेले होते. पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या वहिनींनी आतून हाक मारली.

"धायरीचे तुम्हीच ना? मिटला का हो वाद?"

मी हातातली बिलं टेबलावर ठेवली.

"आमचे हे साइटवरून आले की इथे बसून अख्खी इमारत सांगायचे. जिना कुठे वळला, ओट्यावर उजेड कसा पडतो. मला कुठले जिने चढवतायत? पण यांच्या बोलण्यातून तुमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले होते बघा. आता विचारलं तर म्हणतात, थांब, तो माणूस आधीच अडचणीत आहे, त्याला घाई नको करायला."

पाणीही न पिता निघालो.

इमारत चौथ्या मजल्यावर गेली आहे. लोखंडाच्या त्या बिलावर वजा केलेला जीएसटी मी अजून भरलेला नाही. ओव्हाळसाहेबांना खरं सांगायचं आहे, आणि वहिनींना वरचे दोन मजले द्यायचे आहेत. तेही झालेलं नाही.