मातामायच्या कोपऱ्यातला गाळ

आमच्या शेजारच्या महादूकाकांच्या ओसरीत तीन थर्मामीटर टांगलेले आहेत. आज गरमी किती, असं विचारलं की काका तिन्ही बघतात. दोन जुळले तर आकडा सांगतात, नाहीतर "आज नाई सांगता येत" म्हणून सरळ घरात जातात. "गुरुजी, एका साक्षीवर निकाल देऊ नये," हे त्यांचं मला, शाळामास्तराला, ऐकवायचं पालुपद. भाजीत मीठ बरोबर आहे का, हेसुद्धा ते दोघांना विचारतात.

अर्जुनी मोरगावजवळचं आमचं गाव. गावतलाव काकांच्या पूर्वजांनी बांधलेला, त्यामुळे तलावाला कोणी नावं ठेवली तर काकांना स्वतःला ठेवल्यासारखी लागतात. मागच्या उन्हाळ्यात पंचायतीनं जेसीबी लावून सगळ्या तलावातला गाळ उपसायचं ठरवलं, काठावरच्या मातामाय देवीच्या ठाण्याजवळच्या कोपऱ्यासकट. देवीच्या धाकानं त्या कोपऱ्याला आजवर कुणी फावडं लावलेलं नाही. काका सभेत एकटेच नको म्हणत राहिले. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात नागपूरहून एक मॅडम आल्या. तळ्यांच्या गाळातल्या बारीक अवशेषांवरून जुन्या काळची गरमी शोधणं हे त्यांचं काम. गाळाचे थर जसेच्या तसे वर काढायला त्यांनी तलावाच्या मधोमध नळी ठोकायला घेतली.

"तिथं कायले ठोकून राहिल्या, बाई?" काका तलावाच्या पाळीवरून म्हणाले. "आमचे आजे-पणजे तिथला गाळ काढून शेताच्या बांधीत टाकत. त्या गाळाच्या पोथीची पानं आमी धानात पेरली. मातामायजवळ घ्या."

"तुम्ही म्हणता म्हणून कसं मानू, काका?"

"नका मानू. दोनीकडचा घ्या."

मॅडमनी दोन्हीकडचा घेतला. अहवाल येईपर्यंत कोपरा राहील, काका खोटे ठरले तर जेसीबी, असं सरपंचांनी जाहीर केलं. काकांचं जेवण कमी झालं.

यंदा अहवाल आला. मधल्या गाळातले थरच्या थर गायब. कोपऱ्यातले मात्र अखंड, आणि वरच्या थरांतून निघालेली गरमी सरकारी नोंदींशी जुळलेली. म्हणून खालच्या, नोंदींच्याही आधीच्या थरांवर भरवसा ठेवता येतो, असं मॅडमनी भरसभेत सांगितलं. कोपरा वाचला. ढोल वाजला, सरपंचांनी काकांना हार घातला. काका म्हणाले, "हसणारे कुठी गेले? समोर बसा." आम्ही मुकाट्यानं समोर जाऊन बसलो.

सभा पांगल्यावर काका मॅडमजवळ गेले. उभी चिरलेली गाळाची नळी टेबलावर होती.

"बाई, चाळीस वर्षांमागचा गाळ कोनता?"

"नेमकं साल नाही सांगता येत. हा पट्टा. त्यात दहा-पंधरा वर्षं येतात."

काकू त्याच सुमारास गेल्या, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांचा एक फोटोही घरात नाही. काकांनी त्या पट्ट्यावर अलगद चार बोटं ठेवली.

"तुमची काकू भांडी घासाले त्याच कोपऱ्यात जाये, गुरुजी. घरून चुलीची राख नेये," ते म्हणाले. "या चार बोटांत कुठीतरी असनच."