तेरवीचा वडा

चंपतराव परात्यांच्या गळ्यात नत्थूजीच्या तेरवीचा वडा अडकला, त्याला आता सात महिने होत आले होते. वडा त्याच दिवशी पोटात गेला, हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त चंपतरावांना नव्हतं. नत्थूजी हा त्यांचा एसटीतला ड्रायव्हर, चंपतराव कंडक्टर. उमरेडच्या गाडीवर दोघांनी एकवीस वर्षं काढली, आणि नत्थूजी गेला तो गळ्याच्या कॅन्सरनं. अशा माणसाच्या तेरवीला पहिल्याच घासाला ठसका लागतो, याचा अर्थ चंपतरावांनी पंगतीत बसल्या बसल्याच लावून टाकला होता.

तेव्हापासून हुडकेश्वरच्या त्या घरात भाकरीचा तवा चढला नाही. सून दिपाली दोन्ही वेळा गुरगुट्या भात, पातळ वरण आणि मिक्सरमधून काढलेली भाजी करायची. मुलगा अश्विन ते तोंड वाकडं करत खायचा आणि ऑफिसजवळच्या तर्री-पोह्यांवर जीव धरून राहायचा. कुरकुर नव्हती ती एकट्या बायकोची, रुखमाबाईंची. उलट कोणी भाकरीचं नाव काढलं, की त्याच अंगावर यायच्या.

"काहून वं दिपाली? त्यायच्या गळ्याले काही झालं त तू भरून देशीन?"

बायकोचं एवढं प्रेम चंपतरावांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यामुळे आपलं आता काही खरं नाही, याची त्यांना खात्रीच पटली. हातातलं घड्याळ अश्विनला आणि रेडिओ दिपालीला, अशी वाटणीही त्यांनी सांगून ठेवली.

शेवटी अश्विननं वर्धा रोडवरचा एक दवाखाना शोधला. तिथे आवाजाच्या आणि गिळण्याच्या दुखण्यांवर संशोधन चालू होतं. पांढरी पूड लावलेला घास मशीनसमोर गिळायचा, मग तो गळ्यातून कसा उतरतो ते पडद्यावर दिसतं. अट एकच होती. पेशंटसोबत त्याच घरात तेच जेवण जेवणारं, साधारण त्याच वयाचं एक धडधाकट माणूस तुलनेसाठी आणायचं.

"आईले घेऊन जा," अश्विन म्हणाला.

"काहाले तपासता?" रुखमाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "चांगलं चाललं आहे. बिमार आहा, बिमार राहा."

"मी मरून राहिलो, अन् हे म्हणते चांगलं चाललं!"

मंगळवारी दोघं गेले. संशोधन आपल्याकडच्या जेवणावर असल्यानं भाकर घरून आणायची होती. डॉक्टर प्रियदर्शनींनी डबा उघडला, तर आत नुसता वरण-भात.

"भाकर राह्यली वाटते घरी," रुखमाबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

चंपतरावांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागच्या बाकावरून काटोलच्या मैनाबाई पुढे झाल्या. आपला नंबर यायची त्याही वाट पाहत होत्या. त्यांनी डबा उघडून दोन भाकरी समोर केल्या. "घ्या ना भाऊ. माणसाच्या कामाले माणूस." रुखमाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मैनाबाईंनी ठेचा द्यायचं रहित केलं.

चंपतराव मशीनसमोर बसले. घास तोंडात घातला, डोळे मिटले, मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला आणि गिळलं. पडद्यावरचा काळा ठिपका, जलद एसटी दिघोरीच्या स्टॉपला न थांबता निघावी, तसा सरळ खाली गेला.

"पुन्हा पाहा," चंपतराव म्हणाले. "कधी कधी अडकत नाही."

पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. पाच-सहा घास झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "काका, मैनाबाईंची एक भाकर संपली. तुमचा गळा उत्तम आहे."

चंपतरावांचा चेहरा पडला. सात महिने घर भातावर ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडानं परत जायचं?

"चला, काकू," डॉक्टर म्हणाल्या.

"मी कशाले? मी त चांगली आहो."

"म्हणूनच तुम्ही हव्यात."

रुखमाबाईंनी इवलासा घास घेतला. तो गळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्या गिळत होत्या. दोनदा, चारदा, सहादा. घास तिथेच. मग पाण्याचा घोट दिला, तर त्यातलं थोडं पाणी श्वासनळीकडे वळलं, आणि लागायला हवा होता तो ठसकाही त्यांना लागला नाही. डॉक्टरांनी मशीन थांबवलं.

"कागद बदलले, म्याडम," चंपतराव घाईघाईनं म्हणाले. "तो गळा माहा आहे."

डॉक्टर रुखमाबाईंकडे वळल्या.

"कधीपासून होतंय हे, काकू?"

"झाले असतीन तीन-चार वर्षं."

"घरात कोणालाच कळलं नाही?"

"मी सगळ्यायच्या मागून जेवते. कोण पाह्यते?" रुखमाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "अर्धी भाकर पाण्यासंगं उतरली त उतरली, नाही त गाईले. मंग हे बिमार पडले. घरात मऊ भात सुरू झाला. सात महिने पोटभर जेवली मी, बाई. म्हणून म्हणत होती, तपासू नका."

तिकीट न काढलेला माणूस चंपतराव खचाखच गाडीत चेहऱ्यावरून ओळखायचे. घरात मागून जेवणाऱ्या बाईकडे मात्र त्यांनी एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

नसांचा दोष आहे की आणखी काही, हे पुढच्या तपासण्या झाल्यावर येत्या मंगळवारी कळणार होतं. तोवर भाकर बंद, घास लहान, आणि प्रत्येक घास हनुवटी छातीला लावून गिळायचा.

"घरी सांगू नका," बसमध्ये रुखमाबाई म्हणाल्या.

"काहून?"

"दिपाली रडत बसते. मंगळवारपर्यंत सुखानं जेवू द्या मले."

दारातच अश्विननं विचारलं, "काय निघालं? भाकर सुरू?" त्याच्या आवाजात सात महिन्यांची भूक होती.

चंपतरावांनी बायकोकडे पाहिलं. "नाही गा. आहे काहीतरी माह्या गळ्यात. भातच टाका. अन् तुही माय आजपासून माह्यासंगंच बसन जेवाले. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."



दिपालीनं दोन ताटं शेजारी शेजारी वाढली. चंपतरावांनी घास घेतला, हनुवटी छातीला टेकवली आणि तशीच ठेवली. रुखमाबाईंनी तेच केलं. अश्विन स्वयंपाकघराच्या दारातून बराच वेळ पाहत राहिला, मग हळूच दिपालीला म्हणाला, "दोघंही मान खाली घालून जेवून राहिले. भांडण झालं वाटते दवाखान्यात."

चंपतरावांना ते ऐकू आलं. पण त्यांनी मान वर केली नाही. रुखमाबाईंचा घास अजून उतरायचा होता.