अठराशे एकेचाळीसची तक्रार

अठराशे एकेचाळीस हे वर्ष सोमवारी सकाळी खडकवळणच्या कॉलेजात आलं आणि संकेतस्थळावर आपल्या नावापुढे काहीच का दिसत नाही, अशी चौकशी करू लागलं. शिपायानं त्याला इतिहास विभागात पाठवलं, कारण वर्षांची कामं तिथेच होतात.

विभागात कल्पना घोलप उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. तालुक्याच्या इतिहासाचं संकेतस्थळ त्यांनीच उभं केलं होतं. जुनी कागदपत्रं, फोटो, शिलालेखांचे ठसे, म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंगं, सगळं त्यावर होतं. शाळांचे गुरुजी त्यातून धडे काढत आणि पुण्याकडचे संशोधक त्यातून प्रबंध काढत. पडद्यावर वर्षांची एक उभी शिडी होती. ज्या वर्षावर बोट ठेवाल ते उघडायचं.

"बसा," घोलप मॅडम म्हणाल्या. "आपण?"

"अठराशे एकेचाळीस."

"इसवी की शके?"

"इसवी. गावाकडं मला शके सतराशे त्रेसष्ट म्हणतात, पण ते पाडव्यापासून. आधीचे महिने दुसऱ्याच्या नावावर आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगानं ते बेताचं होतं. खांद्यावर ऊन होतं आणि गुडघ्यापर्यंत पावसाळा. समोरून तिळाचा वास येत होता, पाठ फिरवली की हुरड्याचा. त्यांनी संगणकावर ते वर्ष उघडलं. 'नोंद उपलब्ध नाही' एवढंच आलं.

"चाळीसमध्ये बघा, पाटीलकीचा तंटा आहे," ते वर्ष म्हणालं. "बेचाळीसमध्ये देवळाच्या कळसावरून मारामारी आहे. मधे मी. लोक चुकून माझ्यावर येतात आणि सॉरी म्हटल्यासारखं करून पुढे जातात. बरं वाटत नाही."

मॅडमना वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत अनेक वर्षं भेटली होती, पण सगळी आपली मोठाई सांगणारी. अठराशे सत्तावन तर दर स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणं म्हणून यायचं आणि हार घातल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. खाली मान घालून बोलणारं हे पहिलंच. त्यांनी चहा मागवला.

चहा यायच्या आत प्राचार्य बाबर आले. बाबर सर रसायनशास्त्राचे. गुरुवारी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती आणि त्या धास्तीनं त्यांनी प्रयोगशाळेतले गंजलेले नळसुद्धा रंगवून घेतले होते.

"मॅडम, संकेतस्थळावरची रिकामी वर्षं काढून टाका. समितीला ते भोकाभोकाचं दिसतं."

"सर, त्यातलंच एक इथे बसलेलं आहे."

बाबर सरांनी वर्षाला नमस्कार केला. "गैरसमज करून घेऊ नका. आम्ही त्याला काढणं म्हणत नाही, विलीनीकरण म्हणतो. मागे सतराशे शहाण्णव असंच केलं. काय बिघडलं?"

बिघडलं म्हणजे तसं काही नव्हतं. कोष्टी आळीतल्या आडाला तेव्हापासून आधी पाणी लागलेलं आहे आणि खोदाई पुढच्या वर्षी सुरू झालेली आहे. पण पाणी गोड असल्यामुळे कुणी अर्ज केला नाही. त्या वर्षी जन्मलेली माणसं शेजारच्या वर्षांत वाटून दिली. सतराशे सत्त्याण्णव त्याबद्दल अजून कुरकुर करतं.

"माझ्यात पुष्कळ पोरं जन्मली," अठराशे एकेचाळीस हळूच म्हणालं. "बेचाळीसचा स्वभाव तापट आहे. त्याच्याकडे नका देऊ."

"मग गुरुवारपर्यंत काहीतरी दाखवा. एक नोंद पुरे," सर म्हणाले. "सत्तावनवर चौदा लेख आहेत, मॅडम. चौदा!"

"सर, सत्तावनला आपल्या तालुक्यात फक्त अफवा आली होती. तीसुद्धा बाजार उठल्यावर."

"पण आली ना!" असं म्हणून सर नळ बघायला गेले.

मॅडमनी वही उघडली. "हं, सांगा. तुमच्यात काय काय झालं?"

वर्षानं बराच विचार केला. लढाई झाली नव्हती. दुष्काळ पडला नव्हता. पटकी आली होती, ती शेजारच्या तालुक्यातून परत गेली. पाऊस मृगाला लागला आणि वेळेवर उघडला. जोंधळा बरा झाला. कुणी कुणावर फिर्याद केली नाही, त्यामुळे कागद झाला नाही.

"म्हणजे बरं गेलं," मॅडम म्हणाल्या.

"हो," वर्ष ओशाळून म्हणालं.

कागद नसेल तर माणसांना विचारावं, असा शास्त्राचा दंडक आहे. म्हणून मंगळवारी मॅडम त्याला जीपमध्ये घालून करंजओढ्याला घेऊन गेल्या. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली. आठवण कुणालाच नव्हती. सरपंच हणमंतराव काळोखे मात्र पुढे सरकून बसले.

"मॅडम, म्हणजे हे वर्ष मोकळं हाय म्हणा की."

"मोकळं नाही. त्यात नोंद नाही."

"त्येच ते. आन् नोंद कोन करू शकतं?"

संकेतस्थळावर 'लोकसहभाग' नावाचं एक बटण होतं. मोबाइल नंबर टाकला की कुणालाही आपल्या गावची माहिती भरता येत असे. मॅडमनी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. सांगून होईपर्यंत हॉलमधल्या निम्म्या लोकांनी मोबाइल बाहेर काढले होते, ते कशासाठी हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

बुधवारी सकाळी अठराशे एकेचाळीस विभागात आलं ते डोक्याला फेटा, कपाळावर पट्टी आणि गळ्यात झेंडूची माळ घालून. चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम, माझ्यात लढाई झाली! करंजओढ्याच्या खिंडीत. काळोखे सरदारांनी तीनशे जण कापले!"

"कोणाचे?"

"ते अजून भरायचं आहे."

त्यांनी पडदा उघडला. करंजओढ्याची लढाई पहिल्या नंबरला होती. ते पाहून शेजारच्या दोन गावांनी एकेक लढाई घातली होती. एका गावाला सरकारी निधीसाठी देवस्थानाचा 'क' वर्गातून 'ब' वर्ग करून हवा होता, त्यांनी एका महाराजांची समाधी बसवली होती. ते महाराज त्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या गावातही समाधिस्थ झाले होते. कुणीतरी एक राजा पाणी प्यायला थांबवला होता. कोणता, ते गावच्या तरुण मंडळाच्या बैठकीत ठरणार होतं.

दुपारपर्यंत वर्ष लंगडायला लागलं. त्याच्या अंगाला तिळाच्या जागी दारूगोळ्याचा वास येऊ लागला आणि पावसाळ्याच्या पाण्याला लाल झाक आली. नोंदी येतच होत्या. एक आली की ते "आई गं" म्हणायचं आणि लगेच, "पण मोठी आहे ना?" असं विचारायचं.

"तुम्हाला झेपतंय का हे?" मॅडमनी विचारलं.

"सत्तावनला झेपतं," ते म्हणालं आणि भिंतीला टेकलं.

बाबर सर खूश होते. त्यांनी वर्षासाठी नवीन खुर्ची पाठवली.

चारच्या सुमारास जालिंदर फडतरे बायको, आई आणि दोन भावांना घेऊन आले. हे करंजओढ्याचेच, सरपंचांच्या विरुद्ध पार्टीतले. सगळं कुटुंब जरासं फिकट दिसत होतं, उन्हात वाळत घातलेल्या जुन्या कपड्यासारखं.

"मॅडम, रेशनच्या मशिनवर आमचा अंगठा उमटंना," जालिंदर म्हणाले. "एकाचाबी नाही. दुकानदार म्हनला, तुमचा मूळपुरुष बापू फडतरे खिंडीतल्या लढाईत मेला, फितूर म्हणून. चौदा वर्साचा. लगीन व्हायच्या आधी. मग तुमी आलासा कुठनं?"

"दुकानदाराचं नियमानं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सरपंचांची नोंद काढून वाचली. शेवटच्या ओळीत तसंच होतं.

"पण मग आता आम्ही काय करायचं?" जालिंदरच्या आईनं विचारलं. तिचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता. "माझा नातू शाळंत गेलाय. बाई हजेरी घेताना त्याचं नाव घेईना झाल्यात."

भिंतीला टेकलेलं वर्ष ताठ झालं.

"बापू? ओढ्याकाठच्या फडतऱ्यांचा?"

"व्हय जी."

"तो लढाईत कशाला मरेल? त्याला भोवरा धड फिरवता येत नव्हता. आषाढात जांभळीवरून पडला आणि हात मोडला. म्हातारीनं बांबूच्या कांबी बांधल्या. मी त्याला व्यवस्थित सांभाळून नेला, पार डिसेंबरच्या शेवटापर्यंत." त्यानं डोक्याचा फेटा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे सगळं काढा."

"सगळं?"

"लढाया काढा, महाराज काढा. तो पाणी पिणारा राजाही काढा."

"मग तुम्ही पुन्हा रिकामे. उद्या समिती आहे. सर तुम्हाला विलीन करतील."

"करू देत. बापू तेराव्यावरून एकदम पंधराव्यावर जाईल, पण जाईल तरी."

वर्षं स्वतःचं असं काही सोडत नाहीत, हे मॅडमना अनुभवानं माहीत होतं. त्यांनी एकेक करून नोंदी पुसायला घेतल्या. पहिली लढाई गेली तसा फडतऱ्यांच्या धाकट्या भावाच्या शर्टाचा रंग परत आला. शेवटची गेली तेव्हा आईनं खणखणीत आवाजात पाणी मागितलं.

लगेच सरपंचांचा फोन आला.

"मॅडम, आमची लढाई दिसंना!"

"हणमंतराव, ती झाली नव्हती."

"झाली नव्हती म्हणूनच भरली न्हवं! झाल्याली असती तर तुमची गरज काय होती?"

मॅडमनी फोन ठेवला आणि त्या वर्षाकडे वळल्या. "तो हात. तेवढं मला पुन्हा नीट सांगा."

गुरुवारी समिती आली. तीन जण होते. अध्यक्षा कुलकर्णी बाईंनी नळ पाहिले, ग्रंथालय पाहिलं आणि त्या संकेतस्थळासमोर बसल्या. त्यांनी वर्षांच्या शिडीवर डोळे मिटून बोट ठेवलं, ते नेमकं अठराशे एकेचाळीसवर पडलं. बाबर सरांनी रुमाल काढला.

पडद्यावर लिहिलं होतं: 'या वर्षी करंजओढा येथील बापू फडतरे जांभळीवरून पडले व वाचले. तालुक्यात सर्वजण पोटभर जेवले.' खाली स्रोत दिला होता: 'सन १८४१, समक्ष.'

"वर्ष स्वतःच स्वतःबद्दल सांगतंय?" अध्यक्षाबाई म्हणाल्या. "हा स्रोत कसा धरायचा?"

"आत्मचरित्रं आपण धरतोच की," घोलप मॅडम म्हणाल्या.

"धरतो, पण दुसरा पुरावा लागतो. कुणी त्रयस्थ आहे?"

मॅडमनी दार उघडलं. बाहेर बाकावर अठराशे बेचाळीस बसलं होतं. त्यांनी सकाळीच त्याला बोलावून घेतलं होतं आणि ते तेव्हापासून शिपायाशी भांडत होतं. ते आत आलं, खुर्ची नको म्हणालं.

"याचं माझं पटत नाही, हे आधी सांगतो," ते एकेचाळीसकडे बोट दाखवून म्हणालं. "कण्हायचं नाही, ओरडायचं नाही, असलं मिळमिळीत वर्ष. पण बापू फडतरे माझ्यात आला तेव्हा डावा हात कोपरात वाकडा होता. आणि सगळी माणसं जाडजूड होऊन आली होती. म्हणून तर कळसावरून एवढी दणकून मारामारी झाली. उपाशी माणसं असली दमदार मारामारी करतील का?"

समितीनं आपसात कुजबुज केली. दुसऱ्या सदस्यानं विचारलं, "जेवले म्हणजे काय जेवले?"

"भाकरी," दोन्ही वर्षं एकदम म्हणाली.

ती नोंद मान्य झाली. समितीनं शेऱ्यात लिहिलं की संस्थेचा भूतकाळाशी संपर्क समाधानकारक आहे, नळांबाबत मात्र सुधारणेस वाव आहे. बाबर सर आठवडाभर नळांकडे बघत नव्हते.

काळोख्यांची लढाईही वाया गेली नाही. सत्तावनला कळलं तेव्हा त्यानं ती मागून घेतली आणि पंधरावा लेख म्हणून ठेवली. सत्तावनपर्यंत बापू फडतऱ्यांना चार मुलं झालेली होती, त्यामुळे कुणाची हरकत आली नाही.

त्याच गुरुवारी दुपारी घोलप मॅडम अठराशे एकेचाळीसला सोडायला एसटी स्टँडवर गेल्या. जालिंदरच्या आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता.

"पुढच्या वर्षीच्या बी.ए.च्या पोरांना मी तुमच्यावर प्रकल्प देणार आहे," गाडीची वाट बघता बघता मॅडम म्हणाल्या.

"अवघड पडेल त्यांना. माझ्यात काही झालेलं नाही."

"पडू दे अवघड."

गाडी लागली. वर्ष चढलं. कंडक्टर पंच वाजवत आला.

"कुठं?"

"मागं. बेचाळीसच्या अलीकडं."

"पंचाहत्तरीच्या वर असाल तर तिकीट नाही. आधार दाखवा."

वर्षानं बंडीच्या खिशातून कार्ड काढून दिलं. कंडक्टरनं जन्मतारीख वाचली. एक जानेवारी होती. त्याच्या गाडीत बसणाऱ्या सगळ्याच म्हाताऱ्यांची एक जानेवारी असते, त्यामुळे त्यानं पुढचा आकडा बघितला नाही. कार्ड परत दिलं.

"गाडी आत जात नाही, बाबा. फाट्यावर उतरून चालावं लागंल."

"चालेन," अठराशे एकेचाळीस म्हणालं आणि खिडकीशेजारची जागा धरून बसलं.