कान छान आहेत!

एका जंगलात, बाळांनो, इंटरनेट आलं होतं. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना डुकराला गुदगुल्या केल्यासारखं किंचाळायचं. घरात कुणी फोन उचलला की मेलंच. हसू नका, तुमचे वडील यालाच प्रगती म्हणायचे.

धोंडोजी अस्वलाच्या घरी कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचा नियम. अस्वलं चपला घालत नाहीत. म्हणून ती आधी घालायची, मग काढायची.

धोंडोजीच्या सुरंगीला परदेशातलं स्थळ आलं. मुलाचा फोटो ई-मेलने येणार. होकार सूर्य मावळायच्या आत कळवायचा, नाहीतर मुलगा दुसरीकडे बघणार. निम्मं जंगल पोहे खायला, म्हणजे फोटो बघायला, जमलं.

फोटो हळूहळू वरून खाली उतरू लागला. कान दिसले. कपाळ दिसलं. आणि सगळं गेलं.

दुसरा फोन स्वयंपाकघरात होता. तिथून मथूआत्याचा आवाज आला, "अहो कोल्हीणबाई, कान आले, कान! छान आहेत!"

पुन्हा जोडलं. पुन्हा कान, पुन्हा कपाळ.

"कोल्हीणबाई, कपाळसुद्धा आलं हो!"

पुन्हा गेलं. असं दुपारभर चाललं.

"आत्या, पाया पडते, फोन ठेव," सुरंगी म्हणाली. "मला तोंड बघायचंय."

"तोंडात काय बघायचंय? मी माझ्या नवऱ्याचं लग्नानंतरच बघितलं. काय बिघडलं?"

"अगं, तू तेव्हापासून इथेच राहतेस की!"

सूर्य कलला. धोंडोजी उठला. "कान आपल्यातलेच आहेत. कपाळ भाग्याचं आहे. बाकीचं काय, असेलच!"

सुरंगीला कुणी विचारलं नाही. ती आत गेली. आत्या आयता होकार बघायला बाहेर आली.

धोंडोजीने एका बोटाने होकार लिहिला. इंटरनेट किंचाळलं. होकार निघाला. आणि सगळं गेलं.

"मथे, ठेव तो फोन!"

"मी इथंय, दादा," आत्या त्याच्या शेजारून म्हणाली.

स्वयंपाकघरातून सुरंगीचा गोड आवाज आला, "कोल्हीणबाई, कान ना? फारच छान आहेत. थांबा, पहिल्यापासून सांगते."

तिने फोन ठेवला तेव्हा बाहेर चांदण्या निघाल्या होत्या.

तात्पर्य: मुलींनी घरातल्या मोठ्यांकडे बघून शिकावं. आणि बाळांनो, आता इंटरनेट भलतंच जलद झालंय. बापाने बोट लावलं की होकार पोचलाच. मध्ये उचलायला फोनच नाही. याला म्हणतात प्रगती.