मास्तरांसकट गाडी

वस्तू पारखून घ्यावी तर माझ्यासारख्यानं! साधी केरसुणी घेतानाही मी चार ठिकाणी झाडून बघतो. म्हणूनच जुनी गाडी स्वस्तात घ्यायची, स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची आणि नव्यासारखी चकाचक करून रस्त्यावर आणायची असं मी ठरवलं, तेव्हा यशाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

खरं कारण होतं माझा साडू. स्वतः नवी गाडी घेतल्यापासून हा माणूस जमिनीवर चालेनासा झाला होता. मी माझा बेत सांगितला तर भर जेवणात म्हणाला, "तू? गाडी? अरे, तू घरचा नळ दुरुस्त केलास तेव्हा खालच्या मजल्यावर छत्र्या उघडल्या होत्या!" सगळे हसले. सगळ्यात जास्त माझी बायको हसली!

"तुझ्या वाढदिवसाला ती गाडी घेऊन तुझ्या दारात उभा राहतो की नाही बघ," मी म्हणालो.

"ढकलत आणायची नाही हं!"

वाढदिवसाला दोन महिने होते. माझी इज्जत पणाला लागली होती.

गाडी मिळाली दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे. तीस वर्षं जुनी. पत्रा गंजलेला, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. पण किंमत इतकी कमी की घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटली.

"एकच अट आहे," मास्तर म्हणाले. "अधूनमधून येऊन हिला बघून जाईन. चालेल ना?"

"अहो, चालेल काय विचारता? घर आपलंच समजा!"

मला हे असलं बोलायची फार वाईट खोड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खिडकीतून खाली पाहिलं, तर मास्तर माझ्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेपर वाचत होते! दुसरी किल्ली त्यांनी स्वतःकडेच ठेवली होती.

"मास्तर, हे काय?"

"सवय हो! तीस वर्षं पेपर हिच्यातच वाचतोय. घरात अक्षरं लागत नाहीत."

मास्तरांचं 'अधूनमधून' म्हणजे रोज, आणि रविवारी दोनदा. आठवड्याभरात बायको त्यांना चहा नेऊन द्यायला लागली. पंधरा दिवसांत त्यांच्या चहात आलं पडायला लागलं. मी लग्नापासून आलं मागतोय!

मी पाना हातात घेतला रे घेतला की आतून आवाज यायचा, "उलट्या बाजूला फिरवा, उलट्या!" एकदा मी कार्बुरेटर खोलायला घेतला तर मास्तर म्हणाले, "थांबा. कुठला भाग कुठे होता हे विसराल. मी चित्र काढून ठेवतो." कल्पना मला पटली. त्यांनी मोठा कागद अंथरला, पेन्सिलींना टोकं केली आणि तीन तास खपून चित्र काढलं. छायाप्रकाशासकट! फ्रेम करून भिंतीवर लावावं असं चित्र. त्याबरहुकूम मी सगळं परत जोडलं, आणि हातात पाच स्क्रू उरले.

"मास्तर, हे पाच कुठले?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हां, ते! ते मी काढले नाहीत. चित्रात फार गर्दी होत होती."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो ग्रीसचा हात होता.

शेवटी मेकॅनिकला बोलवावं लागलं. तो मास्तरांचा माजी विद्यार्थी निघाला. डेंटिंगवाला, तोही विद्यार्थी! मी काहीही सांगितलं की ही माणसं आधी मास्तरांच्या तोंडाकडे बघायची. मास्तरांनी मान हलवली तरच काम पुढे सरकायचं. तरी मी सगळं सहन केलं, कारण मनात एकच चित्र होतं. लालभडक गाडी साडूच्या दारात थांबतेय, दार उघडून मी ऐटीत उतरतोय आणि साडूच्या तोंडातून शब्द फुटत नाहीये.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गाडी रंगवून आली. हिरवी!

"अरे, लाल सांगितला होता ना!" मी पेंटरवर ओरडलो.

पेंटर खाली मान घालून म्हणाला, "मास्तर आले होते. म्हणाले, लाल हा उतावळ्या माणसाचा रंग आहे. सातवीत त्यांनी माझा कान पिळला होता, साहेब. अजून भीती वाटते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर गाडीतच बसले होते. "मास्तर, गाडी माझी आहे! तुमची नाही! उद्यापासून इथे यायचं नाही!"

मास्तर गाडीतून उतरले. पेपरची नीट घडी घातली, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि निघून गेले.

"काय मिळवलंत?" बायको म्हणाली. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. पण मी तसं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही नटूनथटून गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली. खर्र, खर्र, फुस्स! पुन्हा फिरवली. फुस्स! विसाव्या फुस्सला साडूचा फोन आला. "निघालात का? का मी येऊ न्यायला?"

"निघालोच!" मी फोन बंद केला.

"मास्तरकाकांना बोलवा," बायको म्हणाली.

"मेलो तरी बोलवणार नाही!"

दहा मिनिटांनी मी मास्तरांच्या दारात उभा होतो. ते इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून खुर्चीत तयार बसले होते. "नऊलाच याल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "उशीर केलात."

"मास्तर, काल मी जरा जास्तच बोललो. चुकलं माझं."

"असू द्या हो. घरात दुसरं कोण आहे मला? रात्रभर तिचाच विचार करत होतो."

मला भरून आलं. आणि त्या भरात मी किल्ली त्यांच्या हातात दिली. गाडीत बसून त्यांनी चोक अर्धा ओढला, अॅक्सिलरेटर दोनदा दाबला, म्हणाले, "चल गं बाई!" आणि गाडी सुरू झाली! "चढावर रुसते ती. मीच चालवतो. तुम्ही मागे आरामात बसा," मास्तर म्हणाले. पुढच्या सीटवर बायको आधीच बसली होती.

साडूच्या बंगल्याच्या आवारात शिरलो तेव्हा सगळी पाहुणेमंडळी बाहेर धावली. मी छाती फुगवली, पण मागचं दार उघडेना. त्याचं हँडल मीच बसवलं होतं. मी आतून दार बडवत असताना साडू थेट मास्तरांकडे गेला. "वा काका! काय ठेवलीय गाडी! आणि रंग काय सुरेख! आमच्या साडूला लिफ्ट दिलीत, फार उपकार झाले!"

"माझी आहे! गाडी माझी आहे!" मी काचेआडून ओरडलो.

"खरंच यांची आहे," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

साडूनं मला बाहेर काढलं. "मग मार की एक चक्कर!"

मी ऐटीत स्टिअरिंगवर बसलो. किल्ली फिरवली. चोक ओढला. "चल गं बाई"सुद्धा म्हणालो.

फुस्स!

"काका, तुम्हीच न्या हो आम्हाला!" साडू म्हणाला. मास्तर बसले, शेजारी साडू बसला. मागे बायको, मेहुणी आणि तिची दोन्ही पोरं. गाडी लगेच सुरू झाली. मी वाकून आत पाहिलं. मुंगीलासुद्धा जागा नव्हती.

मास्तरांनी काच खाली केली.

"साहेब," ते अगदी मायेनं म्हणाले, "तेवढं गेट उघडता का?"

मी उघडलं.