मांडव पुढं गेला

बुद्धघोषकाकांनी मस्कतहून आणलेली वस्तू जेवताना ताटाशेजारी ठेवली, तेव्हा अक्काबाईंना तो टीव्हीचा रिमोट वाटला.

"वैनी, ह्यो रिमोट न्हाय. जीपीएस हाय. वर आभाळात उपग्रह फिरत्यात, त्येंच्यावरनं ह्याला कळतं, तुमी कुठं हाय."

"मी पिंपळीत हाय," अक्काबाई म्हणाल्या. "त्यासाठी आभाळात कशाला इचारायचं?"

वस्तू आणली होती पुतणीसाठी. श्रीपती आणि अक्काबाईंची अंजली हैदराबादजवळच्या हवाई दलाच्या अकादमीत विमान चालवायला शिकत होती आणि चार दिवसांच्या रजेवर घरी आली होती. श्रीपती एमआयडीसीतल्या एका डेअरीत सुपरवायझर होते. पोरगी निवडली गेल्यापासून त्या डेअरीतल्या प्रत्येक माणसाला, अगदी टँकर धुणाऱ्यांनाही, विमान कसं उडतं हे तोंडपाठ झालं होतं. ऐकल्याशिवाय श्रीपती कुणाच्या सुट्टीच्या अर्जावर सही करत नसत.

"नको काका," अंजली म्हणाली. "शिकाऊ वैमानिकांना स्वतःचं यंत्र विमानात न्यायला बंदी आहे."

"का म्हून?"

"नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. त्यावर जमलं पाहिजे. यंत्र बंद पडलं, तर खाली उतरून कुणाला विचारणार? शिवाय नजर काचेबाहेर हवी, हातातल्या पडद्यावर नाही."

"आन् मागच्या बारीला?" काकांनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मागच्या उड्डाणात अंजली चुकली होती. एका कारखान्याच्या चिमणीवरून वळायचं होतं. वेळ व्हायच्या आधीच तिला एक चिमणी दिसली आणि आनंदाने ती वळली. ती भलत्याच कारखान्याची होती. मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरने विमान हाती घेतलं आणि उतरल्यावर एवढंच सांगितलं, की पुढच्या आठवड्यात एकटीने जायचं आहे; पुन्हा चुकलीस तर घरी. तेव्हापासून तिला चिमण्यांची स्वप्नं पडत होती.

"पोरीचं वरीस जाईल न्हायतर पोरगी जाईल," काका म्हणाले. "खिशात ठिवायला काय हुतंय? कोण बघतंय?"

"मी बघते ना," अंजली म्हणाली.

श्रीपतींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. त्यांना नियमही मोडायचा नव्हता आणि पोरगीही हरवायची नव्हती.

"बरं," काका म्हणाले. "उद्या सत्काराला जायचंय न्हवं? मी जीप काढतो आन् ह्या यंत्रावर तुमाला मांडवात नेऊन उभं करतो. मग बोल."

सत्कार इंदापूरकडच्या एका वस्तीवर होता. तिथल्या तरुणांनी विहारासमोर मांडव घालायचं ठरवलं होतं आणि पत्रिकेवर 'भावी वैमानिक' असं ठळक छापलं होतं. त्यापैकी 'भावी' हा शब्द श्रीपतींना खटकला होता. घरातल्या कुणीच ती वस्ती पाहिली नव्हती. काका मात्र त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, मोटारसायकलवरून तयारी बघून आले होते.

"मांडवाच्या म्होरं उभा ऱ्हाऊन बटण दाबलंय, जागा यंत्रात भरलीया," त्यांनी सांगितलं. "आता फकस्त पडद्यावरच्या बाणामागं जायचं."

सकाळी बाहेर पडले, तर धुकं. जानेवारीतलं, कालव्यावरून आणि उसावरून उठणारं. जीपचं नाकसुद्धा नीट दिसत नव्हतं. काका खूश झाले. यंत्राची परीक्षा घ्यायला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

इंदापूर रस्त्यावर बाण निमूटपणे पुढे बघत होता. मग रस्ता डावीकडे वळला आणि बाण उजवीकडे.

"काका, बाण सरळ रेषेत दाखवतो. त्याला रस्ते माहीत नसतात."

"यंत्र मोठं का रस्ता?" म्हणत काकांनी जीप गाडीवाटेला घातली. गाडीवाट बांधावर गेली, बांध उसात गेला आणि त्या उसाला रात्रीच पाणी दिलेलं होतं. जीप बसली.

"भावजी," अक्काबाई मागून म्हणाल्या, "उपग्रहाला म्हणावं, जरा ढकलू लाग."

सगळ्यांनी ढकलली. अक्काबाईंच्या नव्या पातळाचा काठ काळा झाला, श्रीपतींची इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत चिखलात गेली आणि अंजलीच्या पांढऱ्या ड्रेसवर चाकाने नक्षी काढली. हारासाठी घेतलेल्या झेंडूच्या पिशवीला मात्र श्रीपतींनी चिखल लागू दिला नाही. जीप निघाली, पुढच्या वाटेला लागली, आणि बाणाखालचा अंतराचा आकडा उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आला.

"पोचलो!" काकांनी ब्रेक दाबला.

सगळे उतरले. कच्च्या रस्त्याची कड होती. तिथे एक फाटकी ट्यूब, एक मोडका बांबू आणि विड्यांची थोटकं पडली होती.

"सत्कार आटोपशीर ठिवलाय," अक्काबाई म्हणाल्या.

"हितंच हुतं!" काका गोल फिरले. "बांबू हुते, कापड हुतं, कर्णा हुता. ईस-पंचवीस माणसं हुती. एक पोरगं माईकवर हॅलो-हॅलो करीत हुतं!"

"कापड बांधलेलं होतं का घडी घातलेलं?" अंजलीने विचारलं.

काका थांबले. "घडी... ट्रॉलीत हुती."

अंजलीच्या लक्षात आलं. कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या परत येतात, तेव्हा कुणाचं काही न्यायचं असेल तर त्यातूनच येतं. मांडवाचं सामानही तसंच आलं असणार. वाटेत ट्रॉली पंक्चर झाली. माणसं खाली बसली, आणि बसल्या बसल्या माईक चालतो का तेवढं बघून घेतलं. तेवढ्यात काका आले, मांडव बघितला, बटण दाबलं आणि जेवणाची वेळ टळू नये म्हणून मागे फिरले.

"यंत्र चुकलं न्हाय," श्रीपती सावकाश म्हणाले. "मांडव पुढं गेला."

पत्रिकेवर लिहिलं होतं: फाट्याच्या पुलापासून दोन किलोमीटर, कालव्याच्या कडेने खाली.

"काका, ट्रॉली उभी होती तिथून पूल दिसत होता?"

"व्हय. कठडा दिसत हुता. ह्या... न्हाय, ह्या अंगाला."

पूल धुक्यात पन्नास पावलांवरच निघाला. खाली कालवा होता, पण पाणी इतकं संथ, की कुठल्या बाजूला चाललंय ते समजेना. अंजलीने पिशवीतला एक झेंडू काढून पाण्यात टाकला. फूल क्षणभर विचारात पडलं आणि मग उजवीकडे निघालं.

"ते खाली," ती म्हणाली. "काका, काटा वीसवर धरा. कमी नको, जास्त नको. सहा मिनिटं."

तिने घड्याळात बघितलं आणि जीप निघाली. चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात धुक्यात काहीतरी वर आलेलं दिसलं, मोठं, टोकदार, आणि शेजारी उजेड.

"आला मांडव!" काका ओरडले.

अंजलीचा हात आपोआप वर झाला. थांबा म्हणायला तोंडही उघडलं. मग तिने घड्याळाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"अजून वेळ झालेली नाही. चला."

"अगं, डोळ्यानं दिसतंय!"

"मागच्या वेळीही दिसलं होतं."

जीप जवळून गेली. ऊसतोड करणाऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या आणि एका कोपीपुढे चूल पेटली होती. काकांनी मान वळवून त्या कोप्यांकडे असं बघितलं, जणू त्यांनीच फसवलं.

सहा मिनिटं झाली. "थांबा," अंजली म्हणाली.

जीप थांबली. समोर धुकं, मागे धुकं, बाजूला कालवा. काहीही नव्हतं. श्रीपतींनी खाकरायचं टाळलं. अंजलीने काटा आणि घड्याळ ताडून बघितलं. चिमण्या पुन्हा डोळ्यांपुढे आल्या.

"इंजिन बंद करा," ती हळूच म्हणाली.

इंजिन बंद झालं, आणि अगदी कानाशी, धुक्याच्या पडद्याआडून कर्णा खरखरला: "हॅलो, हॅलो! माईक टेस्टिंग! पाहुणे अजून आलेले न्हाईत, तरी कुणी नाष्ट्याला हात लावू नये!"

श्रीपती जीपमधून उतरले, चिखलाची विजार झटकली आणि छाती पुढे काढून मांडवात शिरले. "जय भीम," ते पहिल्याच माणसाला म्हणाले. "ही माझी पोरगी. भावी छापलंय, ते खोडून टाका."

सत्काराला काकाच सगळ्यात जास्त बोलले. यंत्राशिवाय, नुसत्या घड्याळावर आणि झेंडूच्या फुलावर पुतणीने धुक्यातून कसं आणलं, ते त्यांनी असं सांगितलं, की ती कल्पना त्यांचीच होती असं ऐकणाऱ्यांना वाटावं.

दुसऱ्या दिवशी दौंड स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी त्यांनी ती वस्तू पुन्हा बाहेर काढली.

"नको नेऊस. पर बघ तरी. तुझ्यासाठी एकच जागा भरून ठिवली हुती." पडद्यावर पिंपळीचं घर होतं. "कुठंबी असलीस तरी घर कुठल्या अंगाला हाय ते कळावं, म्हून."

अंजलीने त्या छोट्या बाणावरून बोट फिरवलं. मग तिने यंत्र काकांच्या हातात परत दिलं. "काका, घर कुठल्या बाजूला आहे हे मला यंत्रात बघावं लागलं, तर मला विमानातून उतरवलेलंच बरं." डब्यात चढल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मात्र उलटं करा. माझी जागा त्यात घाला. अकादमीची नाही, ती सांगायची नसते. सिकंदराबाद स्टेशनची घाला."

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला: एकटी गेले, एकटी आले, सगळ्या चिमण्या आपापल्या जागी होत्या. श्रीपतींनी डेअरीत पेढे वाटले. त्या दिवशी विमान कसं उडतं ते न ऐकताही अर्जांवर सह्या मिळाल्या.

यंत्र आता पिंपळीत अंगणातल्या कट्ट्यावर असतं. ही यंत्रं एका जागी ठेवली तरी थोडी चुकतात. चारशे तेवीस किलोमीटरच्या पुढचा शेवटचा, शंभर मीटरचा आकडा कधी एकाने वाढतो, कधी एकाने कमी होतो. काकांनी मस्कतला परतण्यापूर्वी दोनदा समजावलं, की ही उपग्रहाची चूक आहे, स्टेशन हलत नाही.

अक्काबाईंनी ते ऐकून घेतलं. तरी रोज सकाळी अंगण झाडून झालं की त्या चष्मा लावतात, पडदा बघतात, आणि आकडा उतरलेला असला तर आत श्रीपतींना हाक मारतात:

"अवं, उठा! पोरगी आज शंभर मीटर जवळ आलीया!"