परबांची बट

लालबागच्या आमच्या चाळीत केसांना कलप लावणारे बरेच होते. पण कपाळावरची एक बट तेवढी पांढरी सोडून बाकीचं डोकं काळंकुळं करणारे एकटे परबकाका. ही बट त्यांना जन्मापासूनची. त्यांच्या आईला होती, आजोबांना होती. न्हाव्याने ती जरा कापली की काका ते चार केस पुडीत बांधून घरी आणत.

त्याला कारण मीच. काका मिलमध्ये साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. संपानंतर ती मिल उघडलीच नाही आणि त्यांच्या दुपारी रिकाम्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. त्यात एकदा आलं, की परदेशात एका कंपनीने माणसाच्या शरीरात सापडलेल्या जनुकावर पेटंट मागितलंय. जनुक म्हणजे काय, तर ज्याच्यामुळे तुमच्या आईची बट तुमच्याकडे आली ते, असं मी सांगून बसलो. झालं. काका त्या दिवशी धड जेवले नाहीत.

"गावलां म्हणान तुझां झालां काय?" हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. दूधवाल्याला, मंडळाच्या पोरांना, देव्हाऱ्यातल्या गणपतीलाही ते हेच विचारत. लुगड्याचा काठ आपण विणला तरी तो मिलचा, हे त्यांना कबूल होतं. पण बट कुठल्या साच्यावर विणली ते दाखवा, म्हणायचे.

बाकी वेळ ते गॅलरीत बसून खालून जाणारी डोकी बघत. ऊन कलायचं, बंद मिलच्या चिमणीची सावली रस्ता ओलांडून हळूहळू समोरच्या घरांवर चढायची, आणि काका आपल्या तंद्रीत. शेजारी बसलं की मलाही गुंगी यायची. खालचा रस्ता संथ पाण्यातून दिसावा तसा दिसायचा.

ते काय शोधतात ते साऱ्या चाळीला ठाऊक होतं. संपाच्या दिवसांत त्यांचा मुलगा सुरेश भांडून घरातून गेला, तो परत आला नाही. त्यालाही ती बट होती. आता त्याचेही केस पिकले असतील आणि बट त्यात हरवली असेल, हे काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

पुढे ते परळच्या एका इस्पितळात गुडघा दाखवायला गेले. तिथे संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी बट पाहिली आणि तपासायला रक्त मागितलं. काका मला वकील म्हणून सोबत घेऊन गेले. मी बँकेत कारकून.

"आधी मालकीचां बोला," काका म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. निसर्गात आहे तसं जनुक आपल्याकडे कुणाच्या मालकीचं होत नाही, त्यांनी समजावलं. त्यावरून कुणी नवं औषध तयार केलं तर त्या औषधाची गोष्ट वेगळी, आणि बाहेरच्या देशांत तर यावरून कोर्टात भांडणं चालली आहेत. कापूस देवाचा, लुगडं मिलचं, असा हिशेब काकांनी लावला आणि खुशीत बाही वर केली.

सुई टोचायच्या आधी मात्र त्यांनी बाईंना थांबवलं.

"ह्याच रक्ताचो दुसरो कोण तुमच्याकडे इलो, तर तुमका कळात?"

"कदाचित कळेल, काका."

"मगे त्येका सांगा, बापूस अजून लालबागाकच रवता." काकांनी हात पुढे केला. मग हळूच म्हणाले, "आणि सांगा, आता मी हात उगारूचंय नाय."